लेकव्ह्यूच्या चार बहिणी आणि बाबांचा प्रश्न

कॅनडात नव्याने आलेल्या मराठी माणसाची एकदा तरी फसगत होते, ती 'हायड्रो'वरून. घरमालक सांगतो, "पाणी भाड्यात धरलंय, हायड्रोचं बिल तुमचं तुम्ही भरायचं." आपण बुचकळ्यात. हायड्रो म्हणजे पाणीच ना? मग हे दुसरं पाणी कुठलं? दोन-चार दिवसांनी उलगडा होतो की इथे विजेलाच हायड्रो म्हणतात. ऑन्टारिओत सुरुवातीची बरीचशी वीज नायगाऱ्याच्या पाण्यावर तयार झाली आणि वीज मंडळाचं नावच पुढे 'ऑन्टारिओ हायड्रो' पडलं. मंडळाचे तुकडे होऊनही बरीच वर्षं लोटली, पण लोकांच्या तोंडातलं नाव काही गेलं नाही.

गंमत अशी, की विजेला हायड्रो म्हणणाऱ्या याच प्रांतात 2003 च्या सुमारास दर चार युनिटांमागे एक युनिट कोळशावर तयार होत होतं. मिसिसागात इतकी वर्षं राहून मलाही हे नीट ठाऊक नव्हतं. कळलं ते बाबांमुळे.

बाबा गेल्या उन्हाळ्यात सुपर व्हिसावर आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात गेली, तीही कोळसा हाताळणी विभागात. वॅगन टिपलर, क्रशर, कन्व्हेयर बेल्ट, बंकर, हे शब्द आमच्या घरात वरण-भातासारखे होते. आमचं बालपण केंद्राच्या कॉलनीत गेलं. पाळीचा भोंगा वाजला की आई कुकर लावायची. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आधी झटकायचे आणि मग घडी घालायची, ही आम्हा बहीण-भावांची रोजची ड्यूटी. पापड-कुरडया तर वरून साडी पांघरूनच वाळायच्या. त्या काळ्या भुकटीबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. आसपासच्या खेड्यांत अंधार असताना आमच्या कॉलनीत ट्यूबलाइट होती, याचाच अभिमान मोठा होता.

तर एका रविवारी बाबांना घेऊन मी लेकफ्रंट प्रॉमनाड पार्कमध्ये गेले. ऑन्टारिओ सरोवराचं निळं पाणी, बदकं, सायकली, लांबवर टोरांटोचा सीएन टॉवर. पूर्वेला मोठी मोकळी जमीन आणि क्रेन दिसत होत्या. बाबांनी विचारलं, "तिकडं काय चालू आहे?" मी म्हटलं, "नवीन वसाहत होतेय. पूर्वी तिथे कोळशाचं वीज केंद्र होतं म्हणे."

बाबा जागेवरच थांबले. "कोळशाचं? इथं? तळ्याच्या काठाला?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "बरोबर आहे. पाणी लागतेच ना बाप्पा."

घरी येऊन आम्ही बापलेक त्या केंद्राच्या मागे लागलो. लेकव्ह्यू जनरेटिंग स्टेशन. 1962 मध्ये सुरू झालं. आठ संच, 2,400 मेगावॅट. त्याच्या चार उंच चिमण्यांना लोक 'फोर सिस्टर्स', म्हणजे चार बहिणी म्हणायचे. सरोवरातल्या नावाड्यांना त्या दुरूनच दिसायच्या आणि किनारा कुठे आहे ते कळायचं. एप्रिल 2005 मध्ये केंद्र बंद झालं. 12 जून 2006 रोजी सुरुंग लावून चारही चिमण्या पाडल्या. त्याचा व्हिडिओ बाबांनी चार वेळा पाहिला. पाचव्यांदा मी लावायला लागले तर म्हणाले, "नको. चालू असलेली चिमणी पाडली तर वाईट वाटतेच माणसाला."

लेकव्ह्यू ही सुरुवात होती. ऑन्टारिओत कोळशाची पाच केंद्रं होती. मिसिसागाचं लेकव्ह्यू, सार्नियाजवळचं लॅम्बटन, ईरी सरोवराकाठचं नॅन्टिकोक आणि उत्तरेकडची ॲटिकोकन व थंडर बे. यातलं नॅन्टिकोक तर जवळपास 4,000 मेगावॅटचं, उत्तर अमेरिकेतलं सर्वात मोठं कोळसा केंद्र. आपल्या चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आज 2,920 मेगावॅटचं आहे, म्हणजे नॅन्टिकोक त्याच्याहून मोठं. 2013 संपता संपता ते बंद झालं. एप्रिल 2014 मध्ये थंडर बेला शेवटचा कोळसा जळला. ॲटिकोकनला आता लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळतात. 2015 मध्ये तर प्रांताने कायदाच करून टाकला, की इथे पुन्हा विजेसाठी कोळसा जाळायचा नाही.

हे घडलं कसं? त्या काळी इथे असलेल्या मराठी मंडळींना उन्हाळ्यातले 'स्मॉग डे' आठवत असतील. रेडिओवर सूचना यायची, की म्हाताऱ्यांनी, दमेकऱ्यांनी, लहान मुलांनी बाहेर पडू नये. एकट्या 2005 मध्ये ऑन्टारिओत असे 53 दिवस होते. डॉक्टरांच्या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. 2005 मध्ये प्रांताच्या ऊर्जा खात्यासाठी केलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला, की आरोग्य आणि पर्यावरणाचं नुकसान धरलं तर कोळशाची वीज वर्षाला सुमारे 4.4 अब्ज डॉलरला पडते. त्यातला सर्वात मोठा वाटा दवाखान्यांचा आणि अकाली मृत्यूंचा होता. बिलावर दिसणारा दर कमी आणि न दिसणारा दर जास्त, असा तो मामला होता.

राजकारण्यांचंही या बाबतीत विशेष. लेकव्ह्यूला कोळसा बंद करण्याचा निर्णय कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने 2001 मध्ये घेतला. 2003 च्या निवडणुकीत लिबरल पक्षाच्या डाल्टन मॅगिन्टी यांनी सगळी केंद्रं 2007 पर्यंत बंद करू, असं वचन दिलं आणि ते निवडून आले. पण 2007 चं 2009 झालं, 2009 चं 2014 झालं. हे ऐकून बाबा खूश. "म्हणजे तारीख पे तारीख इथंही आहे!" आहे तर. फरक इतकाच, की शेवटची तारीख पाळली गेली.

मग कोळशाच्या जागी आलं काय? इथे माझीही समजूत चुकीची होती. मला वाटायचं, पवनचक्क्या आणि सौर पॅनल. नॅन्टिकोकच्या जागेवर 2019 मध्ये सौर प्रकल्प उभा राहिला, स्थानिक आदिवासी समाजांच्या भागीदारीत, हे मी बाबांना कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती मेगावॅट?" मी म्हटलं, "44." बाबा हसायलाच लागले. "चार हजाराच्या जागी चव्वेचाळीस? अन् तेही दिवसा? मंग रात्री लोक काय मेणबत्त्या लावून राहिले का?"

प्रश्न रास्त होता. खरं उत्तर असं, की कोळशाचा मोठा भार अणुऊर्जेने उचलला. ह्युरॉन सरोवराकाठच्या ब्रूस केंद्रातल्या चार आणि टोरांटोजवळच्या पिकरिंगमधल्या दोन, अशा आधी बंद ठेवलेल्या सहा अणुभट्ट्या 2003 ते 2012 या काळात पुन्हा सुरू केल्या. त्याच्या जोडीला नैसर्गिक वायूची नवी केंद्रं आली, पवनचक्क्या आल्या, जलविद्युत आधीपासून होतीच. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे विजेची मागणीच वाढायची थांबली. ऑन्टारिओतली विजेची आजवरची सर्वोच्च मागणी नोंदली गेली ती 1 ऑगस्ट 2006 रोजी, 27,005 मेगावॅट. त्यानंतर इतकी माणसं आली, इतकी घरं झाली, पण तो आकडा परत गाठला गेलेला नाही. कारखाने कमी झाले, दिवे-फ्रिज-एसी कमी वीज खायला लागले.

या अणुभट्ट्यांचं आपल्याशी नातंही आहे. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या पहिल्या भट्टीला कॅनडाने मदत केली होती. 1974 च्या पोखरण चाचणीनंतर ती मदत थांबली आणि पुढचं काम आपल्या लोकांनी स्वतःच केलं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या याच जड पाण्याच्या घराण्यातल्या.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. वायूवरची दोन नवी केंद्रं ओकव्हिल आणि मिसिसागात व्हायची होती. रहिवाशांनी विरोध केला. सरकारने 2010 मध्ये एक रद्द केलं, 2011 च्या निवडणुकीच्या तोंडावर दुसरं. ऑडिटर जनरलनी दोन्हींचा हिशेब केला तेव्हा रद्द करण्याचा खर्च मिळून सुमारे 95 कोटी डॉलर निघाला. वीज एक युनिट नाही आणि बिल मात्र जनतेला! बाबांना लगेच आपलं दाभोळ, एन्रॉन आठवलं. शिवाय 2009 च्या कायद्याखाली घराच्या छतावरच्या सौर विजेला सरकार युनिटमागे तब्बल 80.2 सेंट द्यायचं, तेही वीस वर्षांच्या कराराने. ज्यांनी तेव्हा पॅनल बसवली त्यांचं भलं झालं, पण तो भार इतरांच्या बिलात आला. हायड्रोचं बिल हा निवडणुकीचा मुद्दा झाला आणि 2018 मध्ये नव्या सरकारने तो कायदा रद्द केला. कोळसा बंद करणं योग्यच होतं. त्याच्यासोबत केलेला प्रत्येक करार मात्र शहाणपणाचा नव्हता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आपल्याकडे चर्चा करताना त्यांची गल्लत होते.

हवा मात्र सुधारली. 2014 मध्ये स्मॉगचा एकही दिवस जाहीर करावा लागला नाही. अर्थात इथल्या धुरात सीमेपलीकडच्या अमेरिकी केंद्रांचाही मोठा वाटा होता आणि तीही याच काळात कमी झाली, हे सांगायला हवं. आणि 2023 च्या जूनमध्ये जंगलांच्या वणव्यांचा धूर टोरांटोवर आला तेव्हा आम्ही खिडक्या बंद करून बसलो होतो, हेही.

आता आपल्याकडे वळू. कॅनडात बसून भारताला शिकवणं फार सोपं आहे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "इंडियाने पण कोळसा बंद करायला हवा." मीही म्हणायचे. बाबांनी एका संध्याकाळी शांतपणे तीन गोष्टी समजावून सांगितल्या.

पहिली, मागणी. ऑन्टारिओत मागणी थांबली तेव्हा कोळसा सोडणं जमलं. भारतात 30 मे 2024 रोजी एका दिवशी विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली. तरीही भारतीय माणूस वर्षाला सरासरी 1,400 युनिटांच्या आसपास वीज वापरतो आणि कॅनडातला माणूस त्याच्या दहापट. ज्या घरात आताच कुठे फ्रिज आला, त्या घराला कमी वीज वापर म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसरी, कोळसा कुणाचा. ऑन्टारिओत कोळशाची खाण नव्हती. बराचसा कोळसा अमेरिकेतून यायचा, त्यामुळे तो थांबला तेव्हा इथला एकही खाणकामगार बेकार झाला नाही. आपल्याकडे 2024-25 या वर्षात कोळशाचं उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेलं. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींवर गावंच्या गावं जगतात. रेल्वेच्या मालवाहतुकीत जवळपास निम्मा कोळसा असतो आणि त्या कमाईतून प्रवासी भाडं स्वस्त राहतं. "तुझी आई नागपूर-पुणे ज्या तिकिटात जाते ना, त्यात थोडा कोळसा आहे," असं बाबा म्हणाले, ते मला अगदी पटलं.

तिसरी, रात्र. भारताने एक मोठा टप्पा गाठला आहे. 2025 च्या मध्यापर्यंत देशातल्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांची झाली. 2030 साठी ठरवलेलं हे उद्दिष्ट पाच वर्षं आधीच पूर्ण झालं. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सूर्य मावळला की सौर पॅनल नुसतं तावदान उरतं. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांहून जास्त आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने कोळसा 'संपवू' ऐवजी 'कमी करत जाऊ' हा शब्द धरून ठेवला आणि 2070 ची मुदत सांगितली, त्यामागे हाच हिशेब आहे.

इतकं ऐकून मी म्हटलं, "म्हणजे काहीच करायचं नाही का?" यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं कुठं म्हटलं मी? राख कोणाच्या छातीत जाते, ते मला काय माहीत नाही?"

कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचं मोजमाप केलं, त्यात चंद्रपूर चौथं होतं. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत, नाल्यांत गेला. चिमणीतून बाहेर पडणारा गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसवायचा नियम 2015 चा. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. पाण्याचंही तसंच. 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे कोळसा खात्रीचा, हेही अर्धसत्यच.

आणि बदल होतोय, तोही चांगल्या ठिकाणी. ज्यांनी गावाकडचं भारनियमन पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, शेतीला वीज यायची ती रात्री. मोटर सुरू करायला शेतकरी काळोखात बांधावरून जायचा. साप, विंचू, बिबट्या, सगळ्यांची भीती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 2023 पासून महाराष्ट्राने 16,000 मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवलंय. गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या वाहिनीला दिवसाच वीज द्यायची. इथे सूर्याचा दोष उलट गुण होतो, कारण शेतकऱ्याला वीज हवी असते तीच मुळी दिवसा. हे ऐकून बाबांनी पहिल्यांदाच सौर ऊर्जेला मनापासून मान डोलावली. रात्रीसाठी पाणी वर चढवून साठवायची सोय आपल्या सह्याद्रीत आहे. घाटघरचा 250 मेगावॅटचा प्रकल्प त्याच तत्त्वावर चालतो. इथे नॅन्टिकोकच्याच भागात मे 2025 मध्ये ओनिडा नावाचा 250 मेगावॅटचा बॅटरी प्रकल्प सुरू झालाय. दोन्हीकडे गणित तेच, दिवसाचं रात्रीसाठी राखून ठेवायचं.

कॅनडाच्या वागण्यातही खाचखळगे आहेतच. 2017 मध्ये कॅनडाने ब्रिटनसोबत कोळसामुक्तीची आंतरराष्ट्रीय आघाडी काढली, पण कोळशाची निर्यात काही थांबवली नाही. अल्बर्टाने जून 2024 मध्ये कोळशाची वीज पूर्णपणे थांबवली, ती मुख्यतः वायूच्या जोरावर. शेजारच्या सस्कॅचेवानने मात्र 2025 मध्ये आपली कोळसा केंद्रं आणखी चालवायचं ठरवलं. तेव्हा कुणीच कुणाला फार उपदेश करू नये.

पण अल्बर्टाची एक गोष्ट मी मुद्दाम बाबांना वाचून दाखवली, कारण त्यांचा खरा प्रश्न वेगळाच होता. लेकव्ह्यूचा व्हिडिओ पाहून झाल्यावर त्यांनी विचारलं होतं, "मंग इथली माणसं कुठं गेली?"

2018 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने एक समिती नेमली. काम एकच, कोळसा बंद होईल तेव्हा केंद्रातल्या आणि खाणीतल्या कामगारांचं, त्यांच्या गावांचं काय करायचं. समितीने गावोगावी जाऊन लोकांचं ऐकलं आणि 2019 मध्ये अहवाल दिला. अल्बर्टा सरकारने वीज कंपन्यांना मिळून 1.36 अब्ज डॉलर भरपाई कबूल केलीच, पण कामगारांना निवृत्तीपर्यंतचा आधार, नवं शिक्षण, गावांना निधी, अशाही योजना केल्या. सगळ्यांचं समाधान झालं नाही. छोट्या गावांतून लोक गेलेच. पण निदान प्रश्न कागदावर आला, त्याला मुदत आणि पैसा मिळाला.

माझा चुलतभाऊ आज कोळसा हाताळणीत कंत्राटी कामगार आहे. बाबा कायम नोकरीत होते, त्यांना पेन्शन नाही तरी पीएफ मिळाला, क्वार्टर होतं, दवाखाना होता. त्याला यातलं काही नाही. उद्या जुना संच मोडीत निघाला तर त्याच्या हातात नोटीसही येणार नाही. ठेकेदार फक्त म्हणेल, उद्यापासून येऊ नको. महाराष्ट्रात कोराडी, परळी, भुसावळ, चंद्रपूर इथले कितीतरी जुने संच आजवर बंद झाले आहेत, म्हणजे हा प्रश्न 2070 चा नाही, आजचा आहे. खाणपट्ट्यातल्या जिल्ह्यांकडे 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी जमा होतो. त्यातून अशा पोरांना सौर प्रकल्पांचं, बॅटरीचं, वाहिन्यांच्या देखभालीचं काम शिकवता येणार नाही का? कोळसा कधी संपवायचा यावर दिल्लीत आणि परदेशात पुष्कळ चर्चा होते. माणसांना कुठे न्यायचं, यावर मात्र गावातही होत नाही.

आपण परदेशस्थ एवढ्या लांबून काय करणार? एक साधी गोष्ट आहे. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॅटच्या सौर संचाला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. आईवडिलांचं छत रिकामं असतं, आपण दरवर्षी त्यांना काय भेट न्यावी म्हणून डोकं खाजवत असतो. अर्ज, कागदपत्रं, पाठपुरावा, हे इथून करून देता येतं. आणि बसवायचं काम स्थानिक पोरांना मिळतं.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. दोन आठवड्यांनी फोन आला. माझा चुलतभाऊ सौर पॅनल बसवणाऱ्या एका माणसाला घेऊन घरी आला होता. बाबांनी त्या माणसाची तासभर उलटतपासणी घेतली म्हणे. इन्व्हर्टर कोणता, केबल किती जाडीची, अर्थिंग कुठं. शेवटी म्हणाले, "बसवून घेतो. पण त्याला एक अट घातली."

"कोणती?"

"आपला पोरगा सोबत काम करंल. फुकट करंल, पण शिकवा म्हटलं त्याला."